तापमानाचा ताळा

पृथ्वीचे सरासरी तापमान कोणत्याही तापमापकावर वाचता येत नाही. ते गणित करूनच काढावे लागते. जगभरच्या हवामान केंद्रांत रोज टिपलेले कमाल-किमान आकडे, त्यांच्या मासिक सरासऱ्या, जहाजांनी आणि पुढे उपग्रहांनी नोंदलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान, अशा लाखो नोंदी एका ठरावीक रीतीने एकत्र केल्या की वर्षाकाठी एक संख्या हाती येते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे गणित मुख्यतः तीन ठिकाणी होत असे : न्यूयॉर्कमधली नासाची गोडार्ड संस्था, अमेरिकेतल्याच ॲशव्हिल गावचे राष्ट्रीय हवामान माहिती केंद्र आणि इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले क्लायमॅटिक रिसर्च युनिट. नॉर्विचच्या जोडीला ब्रिटिश हवामान खाते, म्हणजे मेट ऑफिस, होते. तिन्ही उत्तरे एकमेकांच्या जवळपास येत आणि सर्वांचा रोख एकच असे : पृथ्वी तापते आहे.

उत्तरे छापली जात. रीतही शोधनिबंधात लिहिलेली असे, पण शब्दांत. ती रीत प्रत्यक्ष चालवणारे संगणकीय प्रोग्राम संस्थेच्या यंत्रांवरच राहत. ते कोणी मागत नसे आणि द्यायची पद्धतही नव्हती. गणिताच्या पेपरात रीतीला उत्तराहून जास्त गुण असतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते, पण संगणक आल्यावर विज्ञानाने हा नियम काही काळ बाजूला ठेवला होता. 2007 ते 2013 या काळात संस्थांबाहेरच्या माणसांनी हे गणित पुन्हा करून पाहिले. त्यांत व्यावसायिक प्रोग्रामर होते, निवृत्त गणितज्ञ होते, एक नामांकित भौतिकशास्त्रज्ञ होता आणि उघड शंकेखोरही होते.

गोडार्ड संस्था न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, ‘साइनफेल्ड’ मालिकेत दिसणाऱ्या टॉम्स रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यांवर 2025 पर्यंत होती. जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी तिथे हे काम सुरू केले. 1981 मध्ये त्यांचा पहिला मोठा निबंध प्रसिद्ध झाला आणि 1987 मध्ये हॅन्सन व सर्गेई लेबेडेफ यांनी रीत सविस्तर मांडली. तिचे मर्म एका निरीक्षणात होते. दोन गावांची तापमाने वेगळी असली, तरी सरासरीपासूनचा त्यांचा चढउतार पुष्कळ अंतरापर्यंत बरोबरीने चालतो. एक गाव डोंगरावर आणि दुसरे खाली सपाटीवर असेल, तर त्यांच्या तापमानांत दहा अंशांचा फरक असू शकतो. पण एखादा उन्हाळा नेहमीपेक्षा कडक असला, तर तो दोन्हीकडे कडक असतो. म्हणून प्रत्यक्ष तापमानाऐवजी 1951 ते 1980 या काळातल्या सरासरीपासूनचा फरक मोजायचा असे ठरले. पृथ्वीचा पृष्ठभाग समान क्षेत्रफळाच्या 80 मोठ्या चौकटींत आणि त्यांतली प्रत्येक चौकट 100 लहान चौकटींत विभागायची. लहान चौकटीच्या मध्यापासून 1200 किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना विचारात घ्यायचे आणि जे केंद्र जितके दूर तितके त्याचे वजन कमी धरायचे. शहरांच्या वाढीमुळे येणारी उष्णता वेगळी काढण्यासाठी आसपासच्या ग्रामीण केंद्रांशी तुलना करायची. शहर कोणते आणि खेडे कोणते, हे पुढे उपग्रहातून दिसणाऱ्या रात्रीच्या दिव्यांवरून ठरू लागले. या रीतीला आणि तिच्या उत्तराला मिळून ‘जिसटेम्प’ हे नाव पडले.

दुसऱ्याचे गणित पुन्हा करून पाहण्याचा फायदा 2005 मध्ये एका वेगळ्याच बाजूने दिसला होता. अलाबामातल्या हंट्सव्हिल येथील जॉन ख्रिस्ती आणि रॉय स्पेन्सर उपग्रहांच्या नोंदींवरून वातावरणाचे तापमान काढत. त्यांच्या हिशेबात तापमानवाढ फारच मंद येई आणि शंकेखोरांचा तो मोठा आधार होता. उपग्रहाची कक्षा हळूहळू सरकते, त्यामुळे तो एकाच ठिकाणावरून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी जाऊ लागतो; त्यासाठी आकडे दुरुस्त करावे लागतात. कॅलिफोर्नियातल्या कार्ल मिअर्स आणि फ्रँक वेंट्झ यांनी त्याच नोंदींवर स्वतंत्रपणे काम केले, तेव्हा या दुरुस्तीत अधिक-उणेची गल्लत झाल्याचे आढळले. ख्रिस्ती आणि स्पेन्सर यांनी चूक मान्य केली. दशकाला 0.088 अंश असलेला त्यांचा वाढीचा दर 0.123 वर गेला. एका चिन्हाची चूक अनेक वर्षे कोणाच्या नजरेत आली नव्हती.

जमिनीवरच्या तापमानांची पाळी 2007 मध्ये आली. टोरंटोचे स्टीफन मॅकिन्टायर खाण उद्योगात आयुष्य घालवलेले, आकड्यांत मुरलेले गृहस्थ. अमेरिकेतल्या काही केंद्रांच्या आलेखात त्यांना जानेवारी 2000 पाशी पायरीसारखी उडी दिसली. त्यांनी ऑगस्टमध्ये गोडार्डला कळवले. झाले होते ते असे : 2000 च्या आधीचे अमेरिकन आकडे एका फायलीतून येत होते. त्यांत निरीक्षणाची वेळ बदलणे, केंद्र हलवणे यांसाठीच्या दुरुस्त्या आधीच केलेल्या होत्या. 2000 नंतरचे आकडे दुसऱ्या फायलीतून येत होते आणि त्यांत त्या दुरुस्त्या नव्हत्या. दोन फायली जोडताना सांधा नीट बसला नव्हता. गोडार्डने काही दिवसांत दुरुस्ती केली. अमेरिकेचे 2000 ते 2006 चे सरासरी तापमान सुमारे 0.15 अंशाने खाली आले. त्यामुळे अमेरिकेतले सर्वांत उष्ण वर्ष कोणते याची क्रमवारीही हलली. 1934 आणि 1998 यांच्यातला फरक मुळातच अंशाच्या शंभराव्या भागाइतका होता आणि आता 1934 किंचित पुढे गेले. अमेरिकेचा भूभाग पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या दोन टक्क्यांहून कमी असल्याने जागतिक सरासरीत फरक पडला तो अंशाच्या हजाराव्या भागांत. वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर मात्र ‘नासाने आकडे बदलले’ असा गाजावाजा झाला.

मॅकिन्टायर आणि इतरांनी प्रोग्रामच मागितला. हॅन्सन यांना या मागणीची फारशी कदर नव्हती. त्यांच्या मते रीत निबंधांत दिलेलीच होती, ज्याला हवे त्याने स्वतःचा प्रोग्राम लिहावा. तरीही सप्टेंबर 2007 मध्ये गोडार्डने जिसटेम्पचा सगळा कोड खुला केला. तो पाहणाऱ्यांच्या पदरी प्रथम निराशाच आली. पंचवीसेक वर्षांत वेगवेगळ्या हातांनी जमेल तसा वाढवलेला तो संसार होता. बराचसा भाग फॉरट्रानमध्ये, काही सी भाषेत, काही पायथनमध्ये आणि या सगळ्यांना एकामागून एक हाकणाऱ्या शेल स्क्रिप्ट. एक पायरी आकडे फायलीत लिहून ठेवी, पुढची ते वाचून पुन्हा लिही. काही फायली अशा बाइटक्रमाने साठवलेल्या होत्या की घरगुती संगणकाने त्या सरळ वाचल्या, तर भलत्याच संख्या निघत. ज्यांच्यासाठी तो लिहिला होता त्यांच्या यंत्रावर तो सुरळीत चाले, आणि त्यांना तेवढेच हवे होते.

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या रेव्हनब्रूक या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या निक बार्न्स आणि डेव्हिड जोन्स यांना यात काम दिसले. तापमानवाढीबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. व्यवसायाने प्रोग्रामर असल्याने त्यांना वेगळेच खटकत होते : इतक्या महत्त्वाच्या उत्तरामागचा कोड वाचता येत नाही, म्हणून लोक त्यावर वाटेल ते आरोप करू शकतात. 2008 मध्ये त्यांनी ‘क्लिअर क्लायमेट कोड’ हा उपक्रम सुरू केला. जिसटेम्प पूर्णपणे पायथनमध्ये नव्याने लिहायचे, गोडार्डची रीत जशीच्या तशी ठेवायची आणि कोणाही जाणकाराला वाचून समजेल इतका कोड स्वच्छ करायचा, असे त्यांनी ठरवले. वेग आणि चतुराई यांना दुय्यम स्थान होते. काम फावल्या वेळात चाले. पुढे आणखी स्वयंसेवक येऊन मिळाले.

या कामाचे स्वरूप मूळ माहितीच्या एका ओळीवरून कळते. केंद्रांच्या जागतिक संग्रहात एका केंद्राच्या एका वर्षाला एक ओळ असे. आधी बारा अंकांचा क्रमांक. त्यात देश, केंद्र आणि त्याच केंद्राच्या नोंदींची कितवी प्रत हे येई. मग वर्ष. मग बारा महिन्यांचे बारा आकडे, अंशाच्या दशांशात आणि दशांशचिन्हाशिवाय. 253 म्हणजे 25.3 अंश. ज्या महिन्याची नोंद नाही तिथे -9999. हा आकडा चुकून तापमान म्हणून सरासरीत घुसला तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून प्रत्येक पायरीवर ‘नोंद आहे का’ हे आधी पाहावे लागते आणि जुन्या कोडची निम्मी गुंतागुंत अशा पहाऱ्यांतच होती. दुसरा त्रास होता पूर्णांकीकरणाचा. एका पायरीवरून दुसरीवर जाताना आकडा दशांशात गोळा करायचा की कापायचा, यावर शेवटच्या उत्तरातला शंभरावा भाग ठरतो. पुनर्लेखन बरोबर झाले हे सिद्ध करायचे तर आधी मूळ कोडची ही खोडसुद्धा हुबेहूब उतरवावी लागे. दोन्ही उत्तरे जुळली की मगच ती काढून टाकता येई. कुठे गोळा केले, कुठे कापले, हे शोधण्यात दिवस जात. असल्या कामाबद्दल कोणी पुरस्कार देत नाही.

या वाचनात बार्न्स आणि जोन्स यांना मूळ कोडमध्ये काही बारीक चुका सापडल्या. त्यांनी त्या गोडार्डमधल्या रेटो रूडी यांना कळवल्या, तिकडून उत्तरे आली आणि दुरुस्त्याही झाल्या. एकाही चुकीने जागतिक आलेख डोळ्याला दिसेल इतका हलला नाही. 2010 पर्यंत सगळ्या पायऱ्या पायथनमध्ये आल्या होत्या आणि दोन्ही कोडची उत्तरे जुळत होती. त्याच वर्षीच्या आपल्या विस्तृत निबंधात हॅन्सन यांच्या गटाने रेव्हनब्रूकच्या या कामाचा कृतज्ञतेने उल्लेख केला. तीन वर्षांपूर्वी कोड देताना कुरकुरणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने हा मोठाच पल्ला होता.

तोपर्यंत नॉर्विचला वादळ होऊन गेले होते. नोव्हेंबर 2009 मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या सर्व्हरवरून हजारावर ई-मेल आणि अनेक फायली चोरून जाहीर करण्यात आल्या. युनिटचे प्रमुख फिल जोन्स यांनी टीकाकारांना माहिती देण्याबाबत केलेली टाळाटाळ त्यांतून उघडी पडली. माहिती अधिकाराचे अर्ज ही तिथे डोकेदुखी झाली होती. 2009 च्या एकट्या जुलैत सुमारे 60 अर्ज आले होते. जोन्स यांची अडचण अगदीच बनावट नव्हती. अनेक देशांच्या हवामान खात्यांनी ‘पुढे कोणाला देऊ नये’ या अटीवर आकडे दिले होते. पण अडचण समजावून सांगणे वेगळे आणि दार लावून घेणे वेगळे. चोरलेल्या फायलींत एका प्रोग्रामरची लांबलचक टिपणवही होती. वारशाने आलेल्या फायलींचा मेळ बसेना म्हणून तो त्यात स्वतःशीच चरफडत होता. ती वही वेगळ्या माहितीसंचाची होती, जागतिक सरासरीच्या प्रसिद्ध आलेखाची नव्हे. हा फरक त्या धामधुमीत कोणी लक्षात घेतला नाही.

डिसेंबर 2009 मध्ये मेट ऑफिसने दीड हजाराहून जास्त केंद्रांचे आकडे आणि त्यांवरून सरासरी काढणारा पर्ल भाषेतला छोटा प्रोग्राम खुला केला. तो पडताळणाऱ्यांत इंग्लिश प्रोग्रामर जॉन ग्रॅहम-कमिंग होते. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्याबाबत ब्रिटिश सरकारने माफी मागावी यासाठी त्याच वर्षी यशस्वी मोहीम चालवणारे तेच हे गृहस्थ. त्यांनी फावल्या वेळात सगळे गणित नव्याने करून पाहिले. तापमानाची सरासरी जुळली. पण तिच्याभोवतीची अनिश्चितता काढणाऱ्या हिशेबात गफलत निघाली. मेट ऑफिसने ती मान्य केली आणि श्रेयही दिले. आपण शंका म्हणून नाही, कुतूहल म्हणून हे केले असे ते सांगत. आकडे आणि कोड दोन्ही हाती असले की असे कुतूहल किती लवकर फळते, याचा हा नमुना होता.

2010 च्या आरंभी अमेरिकेतल्या दोन टीकाकारांनी नवा मुद्दा काढला. जागतिक संग्रहात 1970 च्या दशकात सुमारे 6000 केंद्रे होती आणि 1990 नंतर ती दीड हजाराच्या आसपास उरली. थंड, उंचावरची, उत्तरेकडची केंद्रे मुद्दाम गाळल्याने तापमान वाढलेले दिसते, असा तो आरोप होता. खरे कारण नीरस होते. जुनी केंद्रे कोणी गाळली नव्हती. त्यांच्या जुन्या नोंदी 1990 च्या दशकात कागदांवरून एकरकमी गोळा केल्या होत्या आणि दरमहा तारेने आकडे पाठवणारी केंद्रे पहिल्यापासूनच थोडी होती. पण कारण सांगून वाद मिटत नाही. आता मात्र गणित करणारे हात बरेच होते. बार्न्स आणि जोन्स यांनी आपला स्वच्छ कोड दोनदा चालवला, एकदा टिकलेल्या आणि एकदा बंद पडलेल्या केंद्रांवर. दोन्हींची वाढ सारखीच निघाली. समाईक काळात कल बदलत नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेत काम केलेले गणितज्ञ निक स्टोक्स यांनी अगदी वेगळ्या, लघुतम वर्गांच्या रीतीने तेच उत्तर काढले. झीक हाउसफादर यांनी अशी अनेक स्वतंत्र उत्तरे एका आलेखावर मांडली. रेषा एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की कोणती कोणाची हे रंगावरूनच ओळखावे लागे. त्यांत तापमानवाढीबद्दल साशंक असलेल्यांनी काढलेल्या रेषाही होत्या आणि त्यांची वाढ अधिकृत आकड्यांपेक्षा कमी नव्हती.

नॉर्विचच्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सर म्यूर रसेल यांच्या समितीनेही जुलै 2010 च्या अहवालात हाच मार्ग धरला. नॉर्विचचे आकडे न वापरता जमिनीवरचे तापमान काढता येते का, हे समितीने स्वतःच करून पाहिले. उघड उपलब्ध असलेले आकडे उतरवून घेतले, प्रोग्राम लिहिला, गणित केले. या सगळ्याला दोन दिवसही लागले नाहीत. उत्तर नॉर्विचच्या उत्तराशी जुळले. चौकशी समितीने साक्षी घेताघेता स्वतः प्रोग्राम लिहून पाहावा, असे क्वचितच घडते. त्याच अहवालाने विद्यापीठाला मोकळेपणा न दाखवल्याबद्दल बोलही लावला. 2011 च्या जुलैमध्ये, माहिती आयुक्तांच्या आदेशानंतर, नॉर्विचने पाच हजारांहून अधिक केंद्रांचे आकडे जाहीर केले. पोलंडने परवानगी नाकारल्याने तिथली 19 केंद्रे तेवढी राहिली. त्रिनिदाद-टोबॅगोनेही नकार दिला होता, तरी त्यांचे आकडे आदेशात आले.

बार्न्स आणि जोन्स यांनी 2010 मध्ये क्लायमेट कोड फाउंडेशन स्थापन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार्न्स यांचा छोटा लेख ‘नेचर’मध्ये आला. कोड ओबडधोबड आहे म्हणून शास्त्रज्ञ तो दाखवायला लाजतात, पण उद्योगातला कोडही तितकाच ओबडधोबड असतो. काम करण्याइतका तो चांगला असेल, तर दाखवण्याइतकाही आहे, असा त्याचा आशय होता. 2012 मध्ये ग्रॅहम-कमिंग यांनीही दोन सहलेखकांसह त्याच नियतकालिकात खुल्या कोडची बाजू मांडली. शब्दांत सांगितलेली रीत नेहमी संदिग्ध राहते आणि प्रोग्रामच तिचे नेमके वर्णन असतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

या प्रकरणाचा सर्वांत गाजलेला भाग कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. रिचर्ड म्युलर हे नाणावलेले भौतिकशास्त्रज्ञ जुन्या तापमान-आलेखांवर उघडपणे टीका करत. 2010 मध्ये त्यांनी मुलगी एलिझाबेथ हिच्यासह ‘बर्कली अर्थ’ हा प्रकल्प उभा केला. त्यात रॉबर्ट रोडी हे मुख्य शास्त्रज्ञ होते आणि पुढच्याच वर्षी भौतिकीचे नोबेल मिळवणारे सॉल पर्लमटरही होते. पैसा देणाऱ्यांत तेल-उद्योगाशी जोडलेल्या चार्ल्स कोक यांची धर्मादाय संस्था होती, म्हणून शंकेखोरांना या प्रकल्पाकडून मोठी आशा वाटली. बर्कलीने रीतच बदलली. 39 हजारांहून जास्त केंद्रे घेतली. ज्या केंद्राच्या नोंदीत उडी दिसे, ती ताळ्यावर आणण्याच्या खटपटीऐवजी नोंद तिथेच कापून दोन स्वतंत्र केंद्रे धरली. कोड आणि माहिती दोन्ही खुली ठेवली. मार्च 2011 मध्ये अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे म्युलर यांनी प्राथमिक निष्कर्ष सांगितले, तेव्हाच काहींचे चेहरे पडले. उत्तर जुन्या गटांशी जुळत होते. ऑक्टोबरमध्ये आकडा आला : 1950 च्या दशकापासून जमिनीवरचे तापमान सुमारे 0.9 अंशाने वाढले आहे. जुलै 2012 मध्ये म्युलर यांनी आपण मत बदलल्याचे जाहीर केले आणि वाढीचे कारणही माणूसच असल्याचे म्हटले. हवामानशास्त्रज्ञांना त्यात नवे काही नव्हते. काहींना तर उशिरा आलेल्या पाहुण्याचा एवढा सत्कार जरा खटकलाच.

2013 मध्ये मागे वळून पाहणारा आणखी एक पडताळा झाला. गाय कॅलेंडर हे ब्रिटिश वाफ-अभियंते हवामानाचा अभ्यास छंद म्हणून करत. 1938 मध्ये त्यांनी जगभरातल्या 147 केंद्रांचे आकडे हाताने जमवून, हातानेच बेरजा-भागाकार करून दाखवले की जमिनीवरचे तापमान पन्नास वर्षांत सुमारे 0.3 अंशाने वाढले आहे. त्यावेळी कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्यांच्या अंदाजाला 75 वर्षे झाली तेव्हा एड हॉकिन्स आणि फिल जोन्स यांनी त्यांची रेषा आधुनिक आकड्यांवर ठेवून पाहिली. दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. कॅलेंडर यांच्या टिपणवह्या, त्यांतल्या पेन्सिलीच्या बेरजांसह, नॉर्विचच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत.